४३७ उत्तरं नेमकी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "पुणे शहरातील घरगुती पाणीपुरवठा आणि टँकरवरचं अवलंबन या विषयावर पीएचडी करते आहे. मे महिन्यात गुगल फॉर्म तयार करून व्हॉट्सॲपवर फिरवला. बारा दिवसांत ४३७ उत्तरं आली. ३८४ च्या वर गेली म्हणून गाइड खूश आहेत. पण प्रगती अहवालाच्या बैठकीत एका सदस्यांनी 'हा नमुना पुण्याचा कसा?' असं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. ऑनलाइन सर्वेक्षण ही पद्धतच चुकीची आहे का? आणि आता हातात जे आहे त्याचं काय करू?"

आधी त्या ३८४ चा निकाल लावू. समाजशास्त्र, भूगोल, वाणिज्य, व्यवस्थापन, कुठलाही प्रबंध उघडा, तिसऱ्या प्रकरणात किमान नमुना म्हणून हा आकडा बसलेला असतो. तो येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के चूक आणि प्रमाण निम्मं-निम्मं धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५ म्हणजे ३८४. किती लोकसंख्येला किती नमुना, याचा क्रेजसी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७० साली तयार करून ठेवलेला तक्ताही दहा लाख लोकसंख्येपाशी याच आकड्यावर थांबतो. गणित बरोबर आहे. पण त्या गणिताची एक अट आहे आणि ती झेरॉक्स काढताना नेहमी कापली जाते: लोकसंख्येतल्या प्रत्येकाला नमुन्यात येण्याची संधी असली पाहिजे आणि ती संधी किती, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. तुमच्या फॉर्मच्या बाबतीत जनता वसाहतीसारख्या वस्तीतल्या बाईला ती संधी किती होती? आणि बाणेरच्या सोसायटीतल्या, तुमच्या मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये असलेल्या माणसाला किती? हे सांगता येत नसेल तर ३८४ काय आणि ३,८४० काय.

मोठ्या आकड्याने ही अडचण सुटत नाही, हे जगाला १९३६ सालीच कळलं आहे. अमेरिकेत एका साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रं टपालाने पाठवली. पत्ते घेतले टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारनोंदणीतून. २३ लाखांहून जास्त परत आली. भाकीत केलं, रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. मंदीच्या काळात ज्याच्याकडे फोन आणि गाडी आहे तो माणूस वेगळा, आणि त्यातही जो मुद्दाम मतपत्र भरून परत पाठवतो तो आणखी वेगळा.

हा जुना किस्सा झाला म्हणाल, म्हणून नवा सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत किती प्रौढांनी कोविडची लस घेतली, याचा अंदाज फेसबुकमार्फत घेतलेल्या एका सर्वेक्षणाने दिला. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं! खरा आकडा सरकारी नोंदीतून नंतर कळला तेव्हा सर्वेक्षणाचा अंदाज १७ टक्के-बिंदूंनी जास्त निघाला. त्याच काळात हजारेक माणसांचा, पण नीट निवडलेला नमुना सत्याच्या बराच जवळ होता. ज्यांनी ही तुलना 'नेचर'मध्ये मांडली त्यांचा हिशेब असा, की त्या अडीच लाख उत्तरांची किंमत यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, निवडलेल्या दहाएक माणसांएवढीच होती.

तुमच्या ४३७ ला हेच लावून पाहा. टँकर घेणाऱ्या कुटुंबांचं तुमच्या नमुन्यातलं प्रमाण खऱ्या प्रमाणापेक्षा २० टक्के-बिंदूंनी सरकलेलं आहे असं धरा. मे महिना आणि सोसायट्यांचे ग्रुप म्हटल्यावर हे मुळीच अशक्य नाही. एवढी चूक तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सहा माणसांना विचारलं तरी साधारण होते. सहा घरांवरून पुण्याचा निष्कर्ष कोणी काढला असता तर तुम्ही स्वतःच हसला असता.

आता पद्धतीबद्दल. ऑनलाइन सर्वेक्षण हे साधन आहे. टपाल होतं, फोन होता, तसंच. त्यात दोष शोधण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझी लिंक कुठून निघाली आणि कुठे कुठे पोचली? मी माझ्या विद्यार्थ्यांना याची वही ठेवायला लावतो. खरीखुरी, कागदाची वही. तारीख, वेळ, कोणाला पाठवली, तो माणूस कोण, त्याने कोणत्या ग्रुपवर टाकली, त्या ग्रुपमध्ये साधारण किती सदस्य, दोन दिवसांत तिथून किती उत्तरं आली. कंटाळवाणं काम आहे, पण करून पाहिल्यावर बहुतेकांचे डोळे उघडतात. एका मुलाच्या सहाशे उत्तरांपैकी साडेचारशे तीनच ग्रुपमधून आलेली निघाली: त्याच्या आईचा भिशीचा ग्रुप, मामाच्या कंपनीतला ग्रुप आणि त्याचा स्वतःचा कॉलेजचा. बिचाऱ्याने प्रबंधाचं नाव 'पुणे महानगर प्रदेशातील' असं ठेवलं होतं.

व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या सर्वेक्षणात तुम्ही माणसं निवडत नाही, ग्रुप निवडता, आणि तेही न ठरवता. एका ग्रुपमधली माणसं एकमेकांसारखी असतात, कारण त्यासाठीच तो ग्रुप असतो. पाण्याच्या बाबतीत तर हे टोकाला जातं. एकाच सोसायटीतल्या चाळीस जणांनी फॉर्म भरला, तर पाण्याबद्दल तुम्हाला माहिती मिळाली एका सोसायटीची. नळाची जोडणी एक, जमिनीखालची टाकी एक, टँकरवाला एक. चाळीस ओळी दिसतात, पण नोंद एकच आहे. तुमच्या ४३७ उत्तरांमागे वेगवेगळ्या इमारती किती, हे तुम्ही मोजलंय का? पुढचं काही करण्याआधी ते मोजा. माझा अंदाज शंभरच्या आत आहे.

वही ठेवली नसेल तर निदान पुढच्या वेळी एवढं करा: प्रत्येक वाटेसाठी वेगळी लिंक. गुगल फॉर्ममध्ये आधीच उत्तर भरून ठेवलेली लिंक काढता येते. 'स्रोत' असा एक प्रश्न ठेवायचा आणि प्रत्येक ग्रुपसाठी त्यात वेगळा सांकेतिक आकडा भरून ती लिंक द्यायची. लिंक पुढे सरकली तरी मूळ वाट कळते.

आणि ज्यांच्यापर्यंत लिंक पोचूच शकत नव्हती ते कोण? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. शहरांत प्रमाण जास्त आहे आणि मधल्या काळात वाढलंही असेल. पण 'कधीतरी वापरलं' आणि 'बावीस प्रश्नांचा फॉर्म एकटीने, शेवटपर्यंत भरला' यांत फार अंतर आहे. तुमच्या विषयात हे अंतर जिवावर बेतणारं आहे. घरात पाणी भरतं कोण, टँकर आल्यावर हंडे-कळशा घेऊन पळतं कोण, आणि फोन कोणाच्या खिशात असतो?

यावरून माझीच एक फजिती सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत एका संस्थेने घरकाम करणाऱ्या महिलांचं सर्वेक्षण करायला सांगितलं. घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून ऑनलाइन. लिंक कार्यकर्त्यांमार्फत गेली, आठवड्यात दोनशेवर उत्तरं आली, आम्ही आनंदलो. पण वाचताना काहीतरी खटकत होतं. मोकळ्या प्रश्नांची उत्तरं फारच पुस्तकी होती. 'आर्थिक विवंचना', 'मानसिक ताणतणाव' वगैरे. कामाची घरं चार, पण महिन्याची कमाई मात्र एका घरच्या पगाराएवढी. शेवटी तीसेक नंबरांवर मी स्वतः फोन केले. निम्म्याहून जास्त फॉर्म मुलींनी भरले होते, आईला न विचारता, जेवढं माहीत होतं तेवढं. आणि काही तर चक्क जिच्याकडे काम करतात त्या मॅडमनी भरून दिले होते, मदत म्हणून! त्यात 'टाळेबंदीत मालकांनी पगार दिला का?' हाही प्रश्न होता. सगळ्या मॅडमनी अर्थातच दिला होता. तो सगळा विदा, म्हणजे डेटा, आम्ही बाजूला ठेवला आणि फोनवरून पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून माझा नियम आहे, की ऑनलाइन आलेल्या उत्तरांतली विसात एक तरी परवानगी घेऊन फोनवर पडताळायचीच. तुमच्याकडे नंबर आहेत का, ते लिहिलेलं नाही. ज्यांनी स्वखुशीने दिले असतील, त्यांतल्या वीस-पंचवीस जणांशी बोला.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे येतो. तुम्ही सोबत दिलेल्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती सहाव्या प्रश्नाची: 'तुमच्या घरी दिवसातून किती तास पाणी येते?' दिसायला निरुपद्रवी. पण पुण्यात 'पाणी येणं' याचे निदान तीन अर्थ आहेत. पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा वस्तीत पाणी येतं म्हणजे महापालिकेचा नळ सुरू होतो. ते 'सहाला येतं आणि आठला जातं'. सोसायटीतल्या माणसाच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, कारण गच्चीवर टाकी आहे; महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत कधी पडतं हे त्याला ठाऊकही नसतं. आणि तिसरा प्रकार, जिथे वॉचमन सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास वरच्या टाकीचा कॉक सोडतो. तिथे 'दोन तास' हे उत्तर महापालिकेबद्दल नाही, सोसायटीच्या कमिटीबद्दल आहे. तुमच्या तक्त्यात हे तिघेही एकाच रकान्यात बसलेत आणि तुम्ही त्यांची सरासरी काढली आहे. त्या ११.४ तासांचा अर्थ काय लावायचा, मला खरंच कळलं नाही.

'काल किती तास पाणी आलं?' असं विचारावं, आठवायला सोपं जातं, असं पुस्तकं सांगतात. बरोबर आहे. फक्त पुण्यात हा प्रश्न शुक्रवारी विचारू नका. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुतेक वेळा गुरुवार निवडते. फॉर्म शुक्रवारी फिरला की अर्धं शहर कोरडं! तुमच्या उत्तरांवर वेळेचा शिक्का आहे. शुक्रवारची उत्तरं वेगळी काढून पाहाच.

अशा चुका परदेशी प्रश्नावलीचं भाषांतर करून सुधारत नाहीत. इथे बसूनच त्या पकडाव्या लागतात. फॉर्म फिरवण्याआधी पाच माणसांशेजारी बसायचं, त्यांच्याच फोनवर फॉर्म उघडायला सांगायचा आणि प्रत्येक प्रश्नावर मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला लावायचं. मध्ये मध्ये समजावून सांगायचा मोह आवरायचा. पाचात निदान एक वॉचमन किंवा कामवाली मावशी असू दे, एखादे निवृत्त काका असू देत. 'तुमचं गाव कोणतं?' या प्रश्नाला पुण्यात चाळीस वर्षं राहिलेला माणूसही 'माण तालुका' असं उत्तर देतो, आणि कोथरूडकर 'गावात जातो' म्हणतो तेव्हा त्याला लक्ष्मी रोड म्हणायचा असतो, हे अशा बैठकीत कळतं. 'कुटुंबात किती माणसं?' यावर गावाकडचे आईवडील धरायचे की नाही, हा गोंधळ ठरलेला. आपल्याकडे त्याला जुना आणि पक्का उपाय आहे: 'एका चुलीवर जेवणारी माणसं किती?'

टँकरच्या खर्चाचा प्रश्नही तसाच. सोसायटीत तो खर्च मेंटेनन्समध्ये जातो. भाडेकरूला घरभाडं ठाऊक, त्यातला टँकरचा वाटा नाही. तरीही तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, म्हणून लोकांनी ५००, १,०००, २,००० असे गोल आकडे ठोकून दिलेत. 'माहीत नाही' हेही उत्तर असतं आणि ते फार मोलाचं असतं. किती भाडेकरूंना टँकरचा खर्च माहीत नाही, हाच एक निष्कर्ष झाला असता.

तुमच्यासमोर कोणीतरी भारांकनाचा पर्याय ठेवला आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नमुन्यात पदवीधर जास्त आलेत, तर जनगणनेतलं प्रमाण घेऊन त्यांचं वजन कमी करायचं आणि कमी शिकलेल्यांचं वाढवायचं. तंत्र जुनं आणि चांगलं आहे. डेमिंग आणि स्टीफन या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० मध्येच जनगणनेच्या कामासाठी त्याची रीत मांडली. पण तुमच्याकडे सार्वजनिक नळावर पाणी भरणारी उत्तरं आहेत सहा. समजा, शहरात अशी कुटुंबं पाचात एक आहेत. मग त्या सहा जणांना सत्त्याऐंशी जणांचं ओझं उचलावं लागेल, प्रत्येकी साडेचौदा माणसांचं. त्यातही सार्वजनिक नळावर पाणी भरणारी पण तुमचा गुगल फॉर्म भरणारी ती सहा माणसं कोण? बहुधा वस्तीत राहणारे आणि कॉलेजात शिकणारे तुमच्या ओळखीच्या कोणाचे तरी विद्यार्थी. वजन वाढवलं म्हणून ती मुलं त्यांच्या शेजारच्या आजीसारखी होत नाहीत. नमुन्यात जे मुळात आलंच नाही, त्याला वजन कुठून देणार?

शिवाय वजन द्यायचं कशाच्या आधाराने? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख लोक होते. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर गेली. २०११ चे प्रभाग आजच्या प्रभागांशी जुळत नाहीत. आणि टँकरचा प्रश्न सगळ्यात तीव्र कुठे आहे? याच नव्याने आलेल्या गावांत. म्हणजे तुमचा विषय जिथे आहे, नेमका तिथेच जनगणनेचा आधार तुटका आहे. प्रादेशिक संशोधनात ही अडचण कायमची असते. आपण ज्या 'प्रदेशा'बद्दल बोलतो त्याच्या सीमा आपण मोजत असतानाच सरकतात. पिनकोडवर विसंबू नका. तो १९७२ साली टपाल वाटायला केला होता, त्याच्या सीमा प्रभागांशी जुळत नाहीत, आणि निम्म्या लोकांना स्वतःचा पिनकोड ऑनलाइन काही मागवतानाच आठवतो. त्यापेक्षा 'घराजवळची ओळखीची खूण किंवा बसस्टॉप' विचारा आणि नकाशावर तुम्ही स्वतः बसवा.

मग करायचं काय? दोन वेगळ्या गोष्टी.

एक, जे हातात आहे त्याचं नाव बदला. 'पुण्यातील कुटुंबे' हा शब्दप्रयोग काढून टाका. तुमचा नमुना स्वतःहून फॉर्म भरणाऱ्या, बहुतांशी सोसायट्यांत राहणाऱ्या, बहुतांशी पदवीधर लोकांचा आहे. तसं लिहा. लिंकचा प्रवास एका परिच्छेदात द्या, आठवेल तेवढा. प्रतिसाददर देऊ नका, कारण खुल्या लिंकला तो नसतोच. किती जणांनी पाहिली हेच माहीत नसताना भागायचं कशाने? 'अधिक-उणे ५ टक्के' हे वाक्य खोडा. शहरभराच्या टक्केवारीऐवजी लोकांच्या अनुभवांचे प्रकार मांडा. टँकरचा वाद सोसायटीत कसा होतो, पाण्याच्या चवीची आणि गढूळपणाची तक्रार कोण करतं, लोक काय काय उपाय करतात. मोकळ्या प्रश्नांना आलेली उत्तरं मी चाळली. ती तुमच्या सरासऱ्यांपेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत. एकीने लिहिलंय की टँकर आला की लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, कारण पैसे कोणी किती द्यायचे याचं भांडण मिटलेलं नसतं. हे वाक्य ऑनलाइन फॉर्ममुळेच मिळालं. समोरासमोर बसून शेजाऱ्यांबद्दल ती एवढं बोलली नसती. नाव न सांगता मनातलं सांगता येणं, ही या साधनाची खरी ताकद आहे आणि तिच्याकडे तुम्ही बघितलंच नाहीत.

दोन, ऑनलाइन सर्वेक्षण जिथे खरंच शोभतं तिथे ते करा. ते शोभतं यादी असलेल्या लोकसंख्येवर. तुमच्या विषयात अशी लोकसंख्या आहे: गृहनिर्माण संस्था. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांची यादी उपनिबंधकांच्या कार्यालयात असते. त्यातून यदृच्छेने दीडशे संस्था निवडा, सेक्रेटरींचा किंवा खजिनदारांचा नंबर मिळवा, आधी फोन करा, मग लिंक द्या, आठवड्याने पुन्हा आठवण करा, शेवटी जे उरतील त्यांच्याकडे स्वतः जा. आता संधी माहीत आहे, प्रतिसाददर काढता येतो, ज्यांनी उत्तर दिलं नाही ते कुठले हेही कळतं. आणि मुख्य म्हणजे टँकर किती आले, बिल किती झालं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तुम्ही विचारताय. खजिनदारासमोर वही असते. तो गोल आकडा सांगत नाही, 'एप्रिलमध्ये त्रेसष्ट' असं सांगतो.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. पुण्यातल्या पुष्कळ छोट्या इमारती 'सोसायटी' नसून 'अपार्टमेंट' आहेत, १९७० च्या वेगळ्या कायद्याखालच्या. त्या उपनिबंधकांच्या सहकारी संस्थांच्या यादीत सापडणार नाहीत. नव्या भागात तर बिल्डरने अजून काहीच नोंदवून दिलेलं नाही अशाही इमारती असतात. ही तूट प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षकाने दाखवण्याआधी आपण दाखवलेली तूट ही तूट राहत नाही, ती मर्यादा होते.

वस्त्यांसाठी मात्र चप्पल घालून बाहेर पडावं लागेल. याला इलाज नाही. आणि पुण्यात बसून असं म्हणायला लाज वाटू नये, कारण या शहराला घरोघर जाऊन पाहणी करायची सवय फार जुनी आहे. हॅरल्ड मॅन या कृषिशास्त्रज्ञांनी पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ साली छापली तेव्हा ते खेडं होतं. आज तिथल्या टॉवरांच्या ग्रुपवर तुमची लिंक फिरली असेल. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करवलं. त्याचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. त्या काळी हिशेब हाताने होत होता, पण कोणत्या घरी जायचं हे आधी ठरलेलं होतं. तुमच्याकडे गणकयंत्रं सगळी आहेत, फक्त घर ठरलेलं नाही.

फार नको, चार वस्त्या आणि समाविष्ट गावांतले चार भाग, प्रत्येकी पंधरा घरं. गल्लीच्या टोकाला उभं राहायचं, ठरवलेल्या अंतराने घर घ्यायचं, कोणी नसेल तर दोनदा परत यायचं. फोनवर कोबो किंवा ओडीके ही पाहणीची ॲप टाका. नेट नसलं तरी चालतात आणि मुलाखत कधी सुरू झाली, कधी संपली याची नोंदही ठेवतात. गुगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ सांगतो. एखाद्याने बावीस प्रश्न नव्वद सेकंदांत उडवले तर तुम्हाला कळणारही नाही.

फॉर्मबद्दल दोन-तीन किरकोळ गोष्टी. विधानांची जाळी, म्हणजे डावीकडे विधानं आणि वर 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत', ही मोबाइलवर मावत नाही. उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर राहतात, आणि लोक दिसतं तेवढ्यातच टिक करतात. तुमच्याकडे 'असहमत' इतके कमी का, याचं निम्मं उत्तर इथे असू शकेल. प्रत्येक विधान स्वतंत्र प्रश्न करा, आणि विधानं निम्मी ठेवा. मराठी आणि इंग्रजी एकाखाली एक छापू नका, फॉर्म दुप्पट लांब दिसतो. सुरुवातीला भाषा विचारून दोन वाटा करा. आकड्याच्या जागी लोक 'सहा', '६', '६ तास', 'सकाळी' असं काहीही लिहितात, तेव्हा पर्याय द्या. बक्षीस किंवा कूपन लावू नका. एका प्रकल्पात आम्ही शंभर रुपयांचं कूपन ठेवलं आणि मध्यरात्रीनंतर दोन तासांत तीनशे फॉर्म आले, सगळ्यांत सगळीकडे तिसरा पर्याय.

आणि आजच्या आज एक गोष्ट तपासा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'उत्तरांचा सारांश दाखवा' चालू राहिलं आहे का, आणि उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी आहे का? तुमच्या शीटमध्ये सोसायटीचं नाव, फ्लॅटचा मजला आणि कमाई एका ओळीत आहे. नाव नसलं म्हणून काय झालं, शेजाऱ्याला ओळखायला तेवढं पुरतं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण ती अशा निष्काळजीपणासाठी नाही. अठरा वर्षांखालच्या कोणी फॉर्म भरला असेल तर तो वेगळाच प्रश्न. त्या ओळी काढून टाका.

वेळापत्रकाबद्दल शेवटचं. पुरवणी पाहणी 'लगेच जुलैत उरकते' असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. मे महिन्यात खडकवासल्याची धरणांची साखळी तळाला असते आणि रोज पाणीकपातीची बातमी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पानशेत, वरसगाव भरत आलेली असतात आणि टँकरचा राग ओसरलेला असतो. मेमधल्या सोसायट्यांची तुलना जुलैमधल्या वस्त्यांशी केलीत तर फरक राहणीचा की पावसाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सोसायट्यांच्या वह्या पावसाळ्यात तपासा, त्यांत एप्रिल-मेचे आकडे लिहिलेले असतात. वस्त्यांत एप्रिलमध्ये जा. तोवर गाइडना मुदतवाढीचा अर्ज करायला सांगा, आणि अर्जात कारण म्हणून सरळ ऋतू लिहा.